दोनदा पुरलेले मुसा

मुसा, सुरुवातीलाच माफी मागतो. तुम्हाला लिहिण्याचा अधिकार माझा नाही. मी तुमच्या धर्माचा नाही, तुमच्या कारखान्यातला नाही, आणि खरं सांगायचं तर लिहिणाराही नाही. पाठशाळेत सहावं वर्ष चालू आहे, तरी कोरा कागद समोर आला की तळहाताला घाम सुटतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी अक्षर गिरवलेलं नाही. वडील वारज्याच्या देवळात पाणी भरतात आणि सणावारी लोकांकडे स्वयंपाकाला जातात. मुलगा काय शिकतो, असं त्यांना कुणी विचारलं तर ते नुसता आभाळाकडे हात करतात.

मायनाही सापडला नाही. वडिलांना काय लिहायचं, सरदाराला काय, विधवेला काय, हे सगळं मला पाठ आहे. मेलेल्या फरासिसाला काय लिहायचं ते कुठेच दिलेलं नाही. कैलासवासी लिहावं तर गुरुजी विचारतील, तिथे त्यांना कोण घेणार? म्हणून नुसतं मुसा लिहिलं. तुमच्या मुलखातून आलेल्या प्रत्येकाला पुण्यात मुसाच म्हणतात. तुम्ही एकदा सांगितलं होतं की फ्रान्सच्या भाषेत त्या शब्दात नाव नाही, गाव नाही, तो नुसता 'अहो' आहे. तर अहो, ऐका.

तुम्हाला जाऊन आज नऊ दिवस झाले. आमच्यात उद्या नदीवर जातात. तुमच्यासाठी कुणी जाणार नाही.

तो पहिला बुधवार आठवतो? तीन वर्षं झाली. मी तेव्हाही वार लावूनच जेवत होतो, म्हणजे सात दिवस सात घरी. बुधवार तोफा ओतण्याच्या कारखान्यातले कारकून आबाजीपंत यांच्याकडे. मी पानावरून उठून हात धुवायला मागे आलो तर तुम्ही अंगणात उभे. टोपी हातात, ऊन डोक्यावर, ओसरीपासून चांगले चार हात लांब. तुम्हाला आमच्या घरांच्या रेषा बरोबर माहीत होत्या.

"पंत, बहिनीला लिवायचं हाय," तुम्ही म्हणालात.

"काय लिहायचं?"

"मी जिता हाय. येवढंच."

पंत सुपारी कातरत होते. "एवढंच असेल तर अंगठा उठवून पाठवा. मेलेला माणूस अंगठा उठवत नाही." मग माझ्याकडे वळून, "काय हो शास्त्री, बुधवारचं आमच्याकडे जेवता, तर बुधवारचं एक काम करा. या साहेबांना जिवंत करा."

त्यांनी थट्टा केली होती. तुम्ही मात्र मला वाकून नमस्कार केलात आणि खरोखरच म्हणालात, "शास्त्री." त्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत तुम्ही मला तेच म्हणत आलात. पाठशाळेत माझं नाव 'हाय' पडलं होतं, कारण पहिल्या वर्षी मी 'आहे' म्हणायच्या ठिकाणी गावचं 'हाय' म्हणत असे आणि सगळे हसत असत. आणि समोर एक गोरा, निळ्या डोळ्यांचा माणूस कारखान्यातल्या लोहारांकडून शिकलेलं तेच 'हाय' न लाजता बोलत होता. मला वाटलं, आपल्या गावचं कुणी भेटलं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

तुम्ही कुणाला तरी जिवंत असल्याचं कळवू पाहता, म्हणजे नेमकं काय झालंय, हे मला दुसऱ्या बुधवारी कारखान्यात कळलं. पहिल्या बुधवारच्या आदल्याच दिवशी फुलचेरीहून, फरासिसांच्या त्या बंदरातून, एक नवा गोलंदाज लष्करात आला होता. समुद्रापलीकडच्या तुमच्याच बेटाचा, तुमच्याच गावाचा. तुम्हाला पाहून तो कपाळाला आणि छातीला हात लावत मागे मागे सरकला, तो मागच्या गरम साच्याला पाठ टेकून किंचाळेपर्यंत. मग त्याने सांगितलं की सात वर्षांपूर्वी तो तुमच्या मयताला बसला होता.

तुमच्या लोकांची ती रीत तुम्ही मला किती वेळा सांगितलीत! तुमचे आजोबा फ्रान्सच्या अगदी कडेच्या, समुद्रात शिरलेल्या एका कोळ्यांच्या गावातून त्या बेटावर राहायला गेले. जाताना सगळं गावच बरोबर घेऊन गेले. तुम्ही फ्रान्स कधी पाहिलं नव्हतं, तरी तुम्ही 'आमच्याकडं' म्हणालात की मला दर वेळी विचारावं लागे, कुठलं आमच्याकडं, बेट की फ्रान्स? तुम्ही म्हणायचात, "बेटावर फ्रान्स हाय की. पेटीत घालून ठिवल्यावानी." लष्करातले खरे फ्रान्सचे सरदार तुमचं बोलणं ऐकून हसत. गुलामांच्या आणि खलाशांच्या तोंडची भाषा बोलतो, म्हणत. तुमच्या घरी विकत घेतलेली माणसं होती हे तुम्ही खाली बघत सांगितलंत. त्यातल्या एका मलबारी बाईने तुम्हाला वाढवलं आणि तिचेच शब्द तुमच्या तोंडात बसले. म्हणून तर पत्र लिहायला तुम्ही त्या सरदारांकडे गेला नाहीत. तुम्हाला स्वतःला तुमच्या भाषेतलं एकही अक्षर येत नव्हतं. गोव्याचे पाद्री त्या वेळी पुण्यात नव्हते, आणि जासूद निघायला दोन दिवस होते. म्हणून मी.

तर ती रीत. समुद्रापार गेलेला माणूस परत आला नाही, निरोप नाही, देह नाही, की बरीच वर्षं वाट पाहून घरातलं सगळ्यात जवळचं माणूस मेणाचा वीतभर क्रूस करतं. जिथे दोन काड्या एकमेकींना छेदतात तिथे स्वतःचा अंगठा दाबतं. तो क्रूस पांढऱ्या कापडावर ठेवतात, आणि प्रेत ठेवलंय असं समजून शेजारीपाजारी रात्रभर बसतात. सकाळी देवळात नेऊन लाकडी पेटीत ठेवतात. गावातले असे सगळे त्या एका पेटीत. पेटी भरली की सगळे क्रूस एकदम जमिनीत. मग मात्र काही करता येत नाही.

"पेटी भरत आलीया म्हनला तो," तुम्ही सांगितलंत. "पुरायच्या आधी बहिनीनं माझा काडून वितळवाया पायजे."

"नाही काढला तर?"

"पेटी पुरली की भाईरचा मानूस पातळ व्हतो."

मी हसलो. तुम्ही हसला नाहीत.

तुमच्या वडिलांचा क्रूस तुम्हीच केला होता. नऊ वर्षांचे असताना. बहीण लहान होती, आईच्याने मेण धरवेना, म्हणून मेण तुमच्या हातात आलं. तुम्ही सांगितलंत की अंगठा दाबताना तुम्हाला त्यात मजा वाटली होती, आणि पुढे ओतकामासाठी मेणाचे नमुने करण्याचंच काम पत्करलंत. चाळीस वर्षांनी, पुण्यात, गोलंदाज पळत गेल्यावर तुमच्या मनात पहिला विचार आला तो स्वतःचा नव्हता. "शास्त्री, मी हितं जिता हाय. मंग बा पन कुटं तरी जिता आसंल तवा?"

मग पत्र. तुम्ही सांगत होतात आणि मी मोडीत उतरवत होतो. ते दरबारच्या वकिलांच्या डाकेबरोबर फुलचेरीला जाणार, तिथे दुभाषी त्याची तुमची भाषा करणार, मग कुणी खलाशी ते बेटावर नेणार. मी जिवंत आहे, पुण्यात आहे, तोफा उचलायच्या कड्यांना माशांचा आकार देतो, माझा क्रूस काढ. एवढंच तुम्हाला लिहायचं होतं. मीच अडलो.

"खूण लिहा," मी म्हणालो.

"कसली खूण?"

"तुम्ही तुम्हीच आहात याची. जी फक्त तुम्हाला आणि त्यांना माहीत आहे अशी."

"आमच्यातलं परक्याच्या कागदावर कशापायी?"

तेव्हा मी तुम्हाला पुण्याची गोष्ट सांगितली. पानपतानंतर इथे किती जण परत आले, मी अमुक आहे म्हणून दारात उभे राहिले, आणि खुणा चुकल्या म्हणून पकडले गेले. आमच्या पुण्यात लहान पोरालाही ठाऊक आहे की मेलेला माणूस परत आला तर आधी खूण विचारायची. मी हे अशा आवाजात सांगितलं की जणू मीच न्यायाला बसलो होतो. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझा सल्ला ऐकत होतं. मग तुम्ही सांगितलंत, घरची शेळी विहिरीत पडून मेली ती आपोआप पडली नव्हती. तुम्ही तिच्यावर बसून तिला घोडा करत होतात.

"एवढ्याने ओळखतील?"

"तिला पैल्यापासनं त्यो... काय म्हंत्यात तुमी?"

"संशय."

"संशय हाय तिला. पन मी कबूल न्हाई केलं कदी. हे वाचून रडंल न् शिव्या बी घालंल. मंग खरं मानंल."

तुम्ही आणखीही सांगत गेलात. आईच्या पेटीतली लपवलेली चांदीची सुई, बहिणीला तुम्ही लाडाने ज्या नावाने हाक मारायचात ते नाव, वडील गेले त्या दिवशी दोघांनी मिळून झाडावर कोरलेली रेघ. मी सगळं लिहिलं. दोन्ही बाजूंनी कागद भरला. गुरुजींनी पाहिलं असतं तर अक्षराचं कौतुक केलं असतं.

पत्र गेलं आणि त्यानंतर जे सुरू झालं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पाठशाळेत सांगितलं असतं तर हसले असते, घरी सांगितलं असतं तर वडिलांनी मला परत वारज्याला नेलं असतं.

पहिली गोष्ट अंगठ्याची. तुम्ही तोफेच्या कडीच्या साच्यासाठी मऊ मेणाचा मासा घडवत होतात. मेण तयार झालं की नाही हे पाहायला त्यावर अंगठा दाबायचा असतो, हे तुम्हीच दाखवलंत. तुम्ही दाबलात. खळगा पडला, गुळगुळीत, चमच्याने दाबल्यासारखा. मग मला दाबायला लावलंत. माझ्या अंगठ्याच्या सगळ्या रेषा मेणात उठल्या, अगदी बारीकसुद्धा.

"चाळीस वर्सं गरम मेन," तुम्ही म्हणालात. "रेघा खाऊन टाकल्या त्यानं." आणि मग हळूच, "मागल्या साली व्हत्या."

भट्टी थंड होत होती, सगळे जेवायला गेले होते, बाहेर खडकीच्या वाटेवर ऊन असं पसरलं होतं की झाडाखालीसुद्धा सावली दिसत नव्हती. मला थंडी वाजली.

दुसरी गोष्ट तुमच्या आजाराची. तुमच्या मयताचा दिवस त्या गोलंदाजाने सांगितला होता, तुमच्या एका मोठ्या सणाच्या आदला. त्याच दिवशी, सात वर्षांपूर्वी, तुंगभद्रेकाठच्या छावणीत तुम्ही ताप नसताना पडला होतात. डोळे उघडे, पण हलता येत नव्हतं. जळणाऱ्या मेणाचा वास येत होता आणि बायका कुजबुजत होत्या, तुमच्या भाषेत, जिथे शंभर कोसांत तुमच्या भाषेची एकही बाई नव्हती. बरोबरच्यांनी खड्डासुद्धा खणला होता. पहाटे तुम्ही पाणी मागितलंत म्हणून तो बुजवला. हे तुम्ही पुढे विसरून गेला होतात. आता रोज आठवत होतं.

मी तुम्हाला धीर द्यायला म्हणून जे केलं ते चुकलंच. मी तुम्हाला आमची रीत सांगितली. माझ्या आत्याचा नवरा पानपताला पाणक्या म्हणून गेला तो आला नाही. बारा वर्षं थांबून गावच्या भटजींनी पळसाच्या पानांचा माणूस केला, वर नारळाचं डोकं ठेवलं, आणि तो नदीवर जाळला. आत्याच्या बांगड्या त्या दिवशी फुटल्या. तुम्ही ऐकत राहिलात. मग तुमच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मला वाटलं, या जगात पहिल्यांदाच कुणाला तरी तुमचं दुखणं कळलंय. आणि मग मी, माझी विद्या दाखवायला, पुढचंही सांगून टाकलं. असा माणूस जिवंत परत आला तर काय करायचं, तेही शास्त्रात लिहिलेलं आहे. त्याला तुपाच्या कढईत बसवायचं, बाहेर काढून न्हाऊ घालायचं, तो आजच जन्मला असं समजून जातकर्मापासून सगळे संस्कार पुन्हा करायचे. नाव पुन्हा ठेवायचं. लग्न झालेलं असेल तर तिच्याशीच पुन्हा लग्न.

"हे माज्यासाटी करता यील?"

मी म्हणालो, विचारतो.

गुरुजी तेव्हा आंघोळीला निघाले होते, खांद्यावर पंचा. मी विचारलं. ते थांबलेसुद्धा नाहीत. "अरे, ज्याचे संस्कार पहिल्यांदाच झाले नाहीत त्याचे दुसऱ्यांदा काय करणार?" मग दारातून वळून, "आणि तुझी संगत कुठवर गेली आहे ते एकदा बघ. कढईत तू पडशील."

पाद्री गोव्याहून परतले तेव्हा तुम्ही त्यांनाही विचारलंत. ते भले माणूस, पण त्यांनी सांगितलं की तुमच्या धर्मात असा विधी नाही, आणि देवाला माहीत आहे की तुम्ही जिवंत आहात.

"देवाला ठाव हाय," तुम्ही मला नंतर म्हणालात. "बहिनीला ठाव न्हाई. पेटी बहिनीच्या गावात हाय, देवाच्या न्हाई."

तेव्हा तुम्ही मागितलंत ते. कारखान्यात तांब्याची मोठी कढई होती. तूप तुम्ही आणणार होतात. मी फक्त मंत्र म्हणायचे होते, दुपारी, कारखाना रिकामा असताना. कुणाला कळलं नसतं. पण मला वार आठवले, सात घरं, सात पानं. हे बाहेर फुटलं असतं तर एकाही दारात मला पाणी मिळालं नसतं आणि पाठशाळा सुटली असती. वडिलांनी आभाळाकडे केलेला हात खाली आला असता.

मी म्हणालो, "पाहू."

पुण्यात 'पाहू' म्हणजे 'नाही', हे तुम्हाला इतक्या वर्षांत कळलं असणारच. तरी तुम्ही दर बुधवारी नुसते माझ्याकडे बघायचात. बोलला नाहीत एकदाही. तुम्ही माझ्यावर चिडला असतात तर बरं झालं असतं. मग मी म्हटलं असतं की असल्या खुळ्या समजुती विद्वानांनी मानू नयेत, आपण भांडलो असतो, आणि भांडण कधीतरी मिटलं असतं.

एक गोष्ट तुमच्यापासून लपवली. मी आत्याला तुमच्याबद्दल सांगितलं होतं. ती जात्यावर बसली होती. ती म्हणाली, "पुतळा जाळला तवापासनं मला भ्याच वाटतं. आता कुनी आलं न् म्हनलं मी तो, तर मी दार न्हाई उघडायची. यील तो त्यो नसंल." मी तुम्हाला येऊन सांगितलं की आत्या म्हणाली, देव भलं करील.

दोन पावसाळे गेले. फुलचेरी इंग्रजांनी घेतली, तिकडची जहाजं अडली, अशा बातम्या येत राहिल्या. तुमचं जेवण कमी झालं. कारखान्यातली माणसं तुमच्या अंगावरून वाट काढायला लागली, जणू तिथे कुणी उभं नाही. आबाजीपंतांनी दोनदा हजेरी घेताना तुमचं नाव सोडलं, आणि दोन्ही वेळा तुम्ही समोर होतात. मी टोकलं तर पंत गोंधळून म्हणाले, "अरेच्चा, मुसा, तुम्ही आहात होय?" ते थट्टा करत नव्हते. थट्टा करताना त्यांचा चेहरा कसा असतो ते मला ठाऊक आहे.

तुम्ही ओतलेल्या शेवटच्या तोफेची कडी पोकळ निघाली. बाहेरून मासा जसाच्या तसा, खवले, डोळे, सगळं. ठोकल्यावर आत काही नाही. धातू साच्याच्या भिंतीला धरून बसला होता आणि मधे शिरलाच नव्हता. जुने ओतारी म्हणाले, असं होत नाही. तुम्ही तो मासा कानाशी धरून बराच वेळ ऐकत होतात.

शेवटी आलो तेव्हा तुम्ही बाजेवर होतात. दिवसाढवळ्या, दार उघडं. तुमचा हात माझ्या हातात घेतला. विटाळ, आंघोळ, काही डोक्यात आलं नाही, हे खरं सांगतो. हात उन्हात ठेवलेल्या मेणासारखा होता, थंड नाही, पण धरला तिथे दबत होता. तुम्ही विचारलंत, "शास्त्री, मी दिसतो न्हवं?"

"दिसता," मी म्हणालो. तेवढं तरी मी लगेच म्हणालो.

पाद्र्यांच्या दोन माणसांनी तुम्हाला न्हाऊ घातलं तेव्हा मी दाराबाहेर होतो. त्यातल्या एकाने मला हाक मारली, "हे काय आहे बघा." तुमच्या छातीवर, बरोबर मधोमध, एक खळगा होता. लहान, बाईच्या अंगठ्याएवढा. त्यात रेषा होत्या. मी वाकून पाहिलं. मुसा, मी सकाळपासून उपाशी होतो, रडलो होतो, डोळे धड नव्हते. जुनी जखम असेल. पण तुमच्या अंगावर तशी जखम मी तीन वर्षांत पाहिली नव्हती, आणि भट्टीसमोर तुम्ही उघड्या अंगानेच काम करायचात.

मातीला चार माणसं होती. मी कुंपणाबाहेर उभा राहून, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, जातकर्माचे मंत्र म्हटले. जन्माचे. मेलेल्या माणसासाठी ते म्हणायचे नसतात. तीन वर्षं उशिरा म्हटले, तूप नव्हतं, कढई नव्हती. तुमच्यापर्यंत पोचले की नाही, माहीत नाही. तुम्ही मला शास्त्री म्हणालात म्हणून मी म्हटले. आता कुणी मला तसं म्हणणार नाही, पण पाठशाळेत बोलायला उभा राहिलो की माझा आवाज पूर्वीसारखा आत जात नाही. हे तुमचं देणं आहे. त्यासाठी तुमचे आभार मानायचे राहून गेले.

आज सकाळी पाद्र्यांचा माणूस पाठशाळेच्या दाराशी आला. सगळ्यांच्या देखत मी उठून त्याच्याबरोबर गेलो. बेटावरून पत्र आलं होतं, आणि त्याच्याबरोबर आपलं पत्रही परत आलं होतं, माझ्या अक्षरातलं. घड्या फाटल्या होत्या, कोपऱ्यावर दारूचा डाग होता, इतक्या हातांनी ते उघडलं होतं. फुलचेरीच्या पाद्र्यांनी सोबत चिठ्ठी जोडली आहे की इंग्रज आले तेव्हा दुभाषी पळाला, आणि पत्र त्याने तुमच्या भाषेत केलेल्या उलथ्यासकट वर्षभर बंदरावरच्या एका खानावळीत पडून होतं. येणारेजाणारे खलाशी करमणूक म्हणून ते वाचून घेत. त्यानंतर कधीतरी ते कुणीतरी पुढे पाठवलं.

तुम्हाला खूण लिहायची नव्हती. मी लिहायला लावली.

पाद्र्यांनी बहिणीचं पत्र आधी मनात वाचलं. मग मला म्हणाले, "बस." मी म्हणालो, उभा आहे तो ठीक आहे. ते म्हणाले, "नाही, खाली बस." आणि त्यांनी एकेक ओळ मला आमच्या भाषेत सांगितली. मी ती इथे उतरवतो. माझं काही घालत नाही.

"पुण्यात जो माणूस स्वतःला बेनवा म्हणवतो, त्याला. तुझं पत्र मिळालं. ते येण्याच्या पाच महिने आधी माझा भाऊ घरी आला. तो फुलचेरीच्या जहाजातून उतरला आणि चालत आमच्या दारात उभा राहिला. रोडावला आहे, चेहरा बदलला आहे, पण वीस वर्षांत कुणाचा बदलत नाही? जे त्याला आणि मलाच माहीत होतं ते सगळं त्याने मी न विचारता सांगितलं, विहिरीतल्या शेळीचंसुद्धा. पेटी पुरायला दोन दिवस राहिले होते. मी ती उघडायला लावली, त्याचा क्रूस काढला आणि त्याच्याच हातात दिला. त्याने तो चुलीत टाकला. आता तो आमच्या वडिलांच्या खोलीत झोपतो आणि मी त्याला जेवायला वाढते. तू कोण आहेस हे मी विचारत नाही. पण मेलेल्यांची नावं घेऊन जगू नकोस. तुझीही कुठे बहीण असेल. तिला कळव की तू जिवंत आहेस."